पाटावर बसलेला फिल्टर

खंडेनवमीला आमच्या शिरूरच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा होते. हवेतलं बेंझीन, म्हणजे कारखान्यांतून सुटणारी विषारी वाफ, मोजणारं यंत्रही सुटत नाही, त्यालाही झेंडूची माळ पडते. मला हे एरवी आवडतं. पण त्या दिवशी दौंडकडच्या एका वाडीवरून आबा म्हणून एक म्हातारे गृहस्थ आले होते. रात्री कारखान्याकडून वास येतो, असं त्यांची बायको सांगायची आणि घरात दुसऱ्या कुणालाच तो येत नव्हता. म्हातारीचं डोकं फिरलंय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. आबांनी हट्टानं आमच्याकडून ओट्यावरच्या हवेचा नमुना घ्यायला लावला होता आणि आता निकालासाठी बाकावर बसून होते.

यंत्राला स्वतःची अक्कल नसते. अगदी शुद्ध हवेत मोजून बेंझीन मिसळायचं, ते त्याला हुंगायला द्यायचं आणि एवढं म्हणजे एवढं, हे शिकवायचं. या हवेला आम्ही स्टँडर्ड म्हणतो. पूजा उरकल्यावर मी स्टँडर्ड बनवलं आणि मग आबांचा नमुना लावला. हवा उत्तम निघाली.

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला फार वाईट वाटलं, आणि संशयही आला. म्हणून नुसती शुद्ध हवा यंत्राला दिली. तिच्यात वाडीपेक्षा जास्त बेंझीन होतं!

हवा शुद्ध करणारी पेटी उघडली, तर आत कोळशाचा फिल्टरच नाही. तो पूजेच्या पाटावर बसला होता, पान्यांच्या शेजारी, हळदीकुंकू लावून. वर आमच्या शिपाईमामांनी पेटीच्या तोंडाशीच उदबत्त्यांचा अख्खा पुडा लावला होता. त्या धुरातलं बेंझीन पेटी दुपारभर ओढत होती. म्हणजे माझ्या स्टँडर्डमध्ये मोजल्यापेक्षा कितीतरी जास्त बेंझीन होतं, आणि त्यापुढं यंत्राला वाडीची हवा स्वच्छ वाटली होती.

"मामा, फिल्टर द्या तो."

"आज न्हाई. पूजेतलं हत्यार उद्या दसऱ्यालाच उचलायचं."

"अहो, ते हत्यार नाहीये!"

"मग पूजा कशाची केली?"

मी नुसताच ओरडलो.

शेवटी आबा उठले. पाटापुढं हात जोडून म्हणाले, "देवा, माफ कर, घरी अडचण हाय." आणि फिल्टर उचलून माझ्या हातात दिला.

खिडक्या उघडून सगळं पुन्हा केलं. या वेळी शुद्ध हवा आधी तपासली, शून्य आलं. मग आबांचा नमुना लावला. हवा वाईट होती, चांगलीच वाईट. मी चाचरत सांगितलं, तर आबा खुलले.

"म्हंजी तिचं डोकं ठीक हाय!"

घाईघाईनं टोपी घालून निघाले आणि दारात थबकले.

"म्हंजी... ह्येच रोज आमी समदे ओढतोय व्हय?"