बुजवलेली विहीर

घाटकोपरच्या टेकडीवरची निम्मी गटारं अंबादास वाठोरेने बांधलेली. नांदेडहून आला तेव्हा हातात नुसती पहार होती. पुढे दहा मजूर जमवून छोटी कंत्राटं घेऊ लागला. गल्ली खणायच्या आधी तो दारोदार फिरून म्हाताऱ्या बायकांना विचारायचा, "मावशी, घराचा पाया खणताना खाली काय लागलं होतं?" पालिकेच्या ऑफिसातल्या नकाशापेक्षा त्याचा या बायकांवर जास्त भरवसा.

दरड कोसळू नये म्हणून वस्तीत भिंत बांधायचं घाटत होतं. ते ऐकून कमलमावशी त्याला म्हणाली, "माझ्या दारापुढं विहीर होती रे. आम्हीच राडारोडा टाकून बुजवली. तिथं खणू नका, घर जाईल माझं."

अंबादास तडक ऑफिसात गेला. नकाशा काढणारे सुबोध साहेब सभ्य माणूस. चहा पाजला, पण कामाचा विषय निघताच त्याला थांबवून म्हणाले, "टेंडरच्या आधी कंत्राटदाराचं ऐकलं तर पक्षपाताचा ठपका येतो. काम मिळालं की या."

काम त्यालाच मिळालं. तो पुन्हा गेला. "नकाशात थोडा बदल..." एवढं म्हणतो तोच साहेबांनी त्याला तोडलं.

"आता? आता ड्रॉइंग मंजूर झालं! बदलायचं तर वर्ष जाईल. आधी सांगायचं ना!"

आधी बोलला तर लबाड, नंतर बोलला तर उशीर! ज्याने खणायचं, त्याला सोडून गावभर विचारायचं, असा हा शहाण्यांचा कारभार.

काम सोडावं तर नाव काळ्या यादीत आणि दहा मजूर घरी. शिवाय दुसरा कुणी डोळे झाकून खणेल, आपण निदान जपून खणू, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. कंत्राटाच्या फॉर्मवर छापलेलंच होतं, 'जागेची पाहणी केली, कोणतीही शंका नाही.' त्याखाली त्याने सही केली.

खणलंही जपूनच. तरी चौथ्या दिवशी विहिरीतला भराव खचला आणि मावशीचं घर भांड्याकुंड्यांसकट आत गेलं. ती नळावर होती म्हणून वाचली. चौकशीत सुबोध साहेबांनी शांतपणे तो सहीचा कागद पुढे केला.

मावशी आता मुलुंडला भाचीच्या घरात एका कोपऱ्यात राहते. अंबादास भेटायला गेला आणि साहेबांच्या नावाने बोटं मोडू लागला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "साहेबाला काय माहीत होतं रे? माहीत तुला होतं."