सिमेंटला पाणी मारू नका

दाताच्या दवाखान्यात पेशंटचं तोंड उघडं असतं, पण त्याला बोलता येत नाही. आत आरसा, कापूस, थुंकी ओढणारी नळी आणि माझी दोन बोटं! त्यामुळं मी हात बाहेर काढला, की आत साचलेलं सगळं एकदम बाहेर पडतं. पाथर्डीत दवाखाना टाकल्यापासून हे माझ्याकडंही असंच साचत गेलंय. मैत्रिणी भेटल्या की म्हणतात, "एखादा किस्सा सांग ना." एखादा सांगायला घेतला, की त्याच्यामागं दुसरा येऊन उभाच असतो.

बहुतेक किश्शांना कारण आमचं सामान. आमच्याकडं जवळजवळ सगळं कालवायचं असतं. पावडर आणि पाणी, पावडर आणि तेल. कालवलं की ते घट्ट व्हायला लागतं, आणि ते डॉक्टरसाठी थांबत नाही की पेशंटसाठी. हे कालवण्याचं काम माझ्या असिस्टंटचं, सुनीताचं. ती मुळात कमी बोलते.

*

सर्जेराव गवंडी. निम्म्या पाथर्डीतल्या भिंती त्यांनी बांधलेल्या. त्यांच्या दाढेला मोठा खड्डा पडला होता, तो मी सिमेंटनं भरला. आमच्या या फिलिंगलाही सिमेंटच म्हणतात, हे ऐकून ते फार खूश झाले. सुनीता कालवत होती तर खुर्चीतूनच म्हणाले, "माल पातळ नको गं बाई!"

फक्त आमचं सिमेंट वेगळं. सुरुवातीला त्याला पाणी लागलेलं चालत नाही. मी वरून वॉर्निशचा हात दिला आणि बजावून सांगितलं, "तासभर काही खायचं-प्यायचं नाही. चूळसुद्धा भरायची नाही."

दोन दिवसांनी सर्जेराव परत आले. फिलिंग खडूसारखं झालेलं. टोकरलं की भुगा!

"काही खाल्लंत का लगेच?"

"न्हाई वो."

"मग असं कसं झालं?"

"आता तुमी पानी नको म्हनलात, पन मी काय नवखा हाय व्हय? सिमेंट म्हनलं की पानी आलंच! हितून खाली उतारलो तसा तोंडात पानी धरूनच हुतो. बायको काय काय इचारत हुती, तिला हातानंच सांगितलं, गप, क्युरिंग चाललंय!"

*

आमच्याकडं उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं, की दातांचं माप घ्यायची गुलाबी पावडर त्यात कालवली तर वाटीतच घट्ट होते. तोंडापर्यंत पोचतच नाही. म्हणून आम्ही फ्रिजमधलं पाणी घेतो. गार पाण्यात ती जरा सावकाश घट्ट होते.

एकदा जरा जास्तच सावकाश झाली. खुर्चीत तात्या पैलवान. कुस्ती सोडून वर्षं झाली, पण मिशी तशीच, गालापर्यंत वळवलेली. माल पातळ राहिला, माप घ्यायच्या ट्रेच्या कडेनं बाहेर आला, वरच्या ओठावर चढला आणि तिथं छान घट्ट झाला. मिशीतच! मी ट्रे ओढायला लागले तसं तात्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कसाबसा ट्रे निघाला. मिशीत गुलाबी गोळा तसाच लटकत राहिला.

सुनीतानं न बोलता ड्रॉवरमधून कात्री काढली.

तात्या खुर्चीतून उभे! दुसऱ्या दिवशी जत्रेचा हगामा होता आणि आखाड्यात पंच म्हणून त्यांनाच उभं राहायचं होतं.

"मिशी कापायची आसंल तर दात ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "बिनदाताचा पंच चालतो. बिनमिशीचा कोन ऐकनार?"

मग मी आणि सुनीतानं व्हॅसलीन आणि बारीक कंगवा घेऊन तो गोळा केसाकेसानं मोकळा केला. बाहेरचे पेशंट दारातून डोकावून बघत होते. मिशी वाचली. हगामाही पार पडला.

खालच्या जबड्याचं माप राहिलं होतं. त्यासाठी तात्या आले ते मिशीला व्हॅसलीन चोपडून, दोन्ही टोकं बायकोच्या चिमट्यांनी वर लावून. एसटी स्टँडपासून दवाखान्यापर्यंत तसेच चालत! वेटिंग रूममध्ये कुणी हसलं नाही. हसायची कुणाची टाप होती!

*

छोटासा आहे, मध्येच सांगते. माप घेतलं की त्यात पांढरं प्लास्टर ओततात. उरलेलं प्लास्टर बेसिनमध्ये धुवायचं नसतं, हे आम्हाला कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात. दवाखान्यात ते कुणीतरी धुतंच. एकदा बेसिन पूर्ण तुंबलं. प्लंबर आला, त्यानं खालचा वाकडा पाईप काढला, आपटला. आतून त्याच आकाराचं पांढरंशुभ्र, गुळगुळीत प्लास्टर अखंड बाहेर आलं.

त्यानं ते उजेडात धरून सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलं.

"मॅडम, माप तर एक नंबर आलंय. आता ह्याला दात कुठं बसवायचे?"

*

शब्बीरभाई म्हणजे आमच्या भागातले मोठे आचारी. मोठ्या लग्नात बिर्याणीच्या डेगा उतरवायच्या तर त्यांनीच. एकदा दाढ धरून आले. चेहरा सुजलेला नव्हता, पण डोळे लाल. म्हणाले, "मॅडम, उद्या लग्न आहे. पुढचं सगळं नंतर करा. आज फक्त हिला गप्प करा."

दुखऱ्या दाढेला गप्प करायचं आमचं जुनं औषध म्हणजे पांढरी पावडर लवंगेच्या तेलात कालवून भरायची. शब्बीरभाईंची दाढ पाच मिनिटांत शांत झाली. ते हात जोडून गेले.

लग्नानंतर आले ते हातात डबा घेऊन. डबा टेबलावर ठेवला, पण चेहरा काही ठीक नव्हता.

"दुखलं का पुन्हा?"

"दुखलं नाही. पण ऐका. पहिली डेग उघडली, चव घेतली. लवंगच लवंग! मसाला धाकट्या भावानं घातला होता. त्याला सगळ्यांसमोर झापलं. दुसऱ्या डेगेत म्हटलं निम्मीच घाल. चव घेतली, तरी तेच! तिसरीला म्हटलं, लवंगेला हातच लावू नको. तिसरी चाखली. पुन्हा लवंग!"

"मग?"

"मग काय? पंगत बसली. नवरीचे मामा दोन घास खाऊन माझ्याकडं आले. म्हणाले, शब्बीर, वीस वर्षं तुझी बिर्याणी खातोय, आज लवंग विसरलास काय?"

शब्बीरभाईंनी खुर्चीत बसून आ केला आणि पुन्हा मिटला.

"भाऊ अजून बोलत नाही माझ्याशी. मॅडम, अख्ख्या लग्नाची लवंग तुम्ही माझ्या एका दाढेत भरली!"

तो डबा भावासाठी होता, हे नंतर कळलं. भावाला त्यांनी दवाखान्याच्या खालीच थांबवून ठेवलं होतं. तो वर यायला तयार नव्हता, साक्ष द्यायला मलाच खाली जायचं होतं. मी गेले. भावाला सांगितलं, "चूक लवंगेच्या तेलाची. तुमची नाही." भाऊ म्हणाला, "ते मला चव घेतल्यावरच कळलं होतं. पण ह्यांच्या हातात झारा होता!"

*

पारूबाईंना मी पूर्ण कवळी करून दिली. कवळी रोज वापरायची असते. काढली की पाण्यात ठेवायची, नाहीतर सुकते. हिरड्याही दिवसेंदिवस झिजत असतात. पडून राहिलेली कवळी नंतर बसत नाही. हे सगळं मी सांगितलं, त्यांनी मान डोलावली.

वर्षा-दीड वर्षानं पारूबाई आल्या. कवळी कोऱ्या रुमालात बांधलेली, तिला डांबरगोळ्यांचा वास! घातली तर तोंडात नुसती खुळखुळत होती. आणि दुसऱ्या दिवशी नातवाचं लग्न.

"पारूबाई, वापरली नाही का ही?"

"तर! ट्रंकेत ठिवली हुती. लग्नासाठीच तर केली."

मी कवळीला आतून मऊ अस्तर लावून दिलं. ती बसली. पारूबाईंनी आरशात बघून समाधानानं दोन वेळा दात वाजवले. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, रोज घालायची, रोज.

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या.

"मॅडम, लग्नातला शालू तुमी रोज नेसता व्हय?"

*

माझ्या पेशंटच्या कवळ्या नगरच्या एका लॅबमध्ये तयार होतात. माप घेऊन प्लास्टर ओतलं, की पेशंटचा हुबेहूब जबडा तयार होतो. तो खोक्यात घालायचा आणि नगरच्या जीपवाल्याकडं द्यायचा. लॅबवाले दिलीपराव तिकडं उतरवून घेतात. खोकं कसलं, हे आम्ही बघत नाही. त्या दिवशी सुनीताला मिठाईचं खोकं मिळालं.

दुपारी दिलीपरावांचा फोन.

"मॅडम, मॉडेल मिळालं. फारच सुंदर आलंय. केशर घातलंय का?"

त्यांच्या खोक्यात पेढे होते!

त्याच जीपमध्ये एक कुटुंब नगरला सुपारी फोडायला निघालं होतं. मुलाकडचे. आमचं खोकं ज्या दुकानाचं, त्याच दुकानातून त्यांनी पेढे घेतलेले. जीपवाल्यानं उतरवताना खोक्यांची अदलाबदल केली. मी घाबरून जीपवाल्याला फोन लावला, त्यानं त्यांना लावला. पण तोवर उशीर झाला होता.

तिकडं पाहुणे बसले होते. मुलाच्या आईनं खोकं मुलीच्या आत्याच्या हातात दिलं. आत्यानं देवासमोर ठेवायला म्हणून झाकण उघडलं. आत वरचा जबडा, खालचा जबडा, आणि दोन्हींत मिळून चार दात.

आत्यानं जबडा निरखून पाहिला, मग नवऱ्या मुलाकडं पाहिलं, मग त्याच्या आईकडं.

"वय अठ्ठावीस सांगितलं हुतं ना तुमी?"

सुपारी फुटली. दिलीपरावांनी पेढे पोचवले, पण खोकं पूर्ण भरलेलं नव्हतं म्हणतात.

*

हा शेवटचा.

रामभाऊ आणि कौसाबाई. पाथर्डीजवळच्याच एका वाडीचे. उभी हयात ऊसतोडीला गेली. मुकादमाच्या भाषेत नवरा-बायको मिळून एक कोयता. हे दोघं किती तरी हंगाम एक कोयता होते. उंच उसात एकमेकांना दिसायचे नाहीत, नुसता आवाज यायचा. आता मुलं जातात, हे दोघं घरी असतात.

रामभाऊंचे सगळे दात गेलेले. पक्की कवळी करायच्या आधी आम्ही दात मेणात बसवून पेशंटच्या तोंडात घालून बघतो. मेण मऊ असतं, काही बदलायचं असेल तर तेव्हाच बदलता येतं. एकदा प्लास्टिकमध्ये पक्कं झालं की झालं.

मी दात अगदी सरळ, एकासारखा एक लावून घेतले होते. रामभाऊंनी आरसा हातात घेतला आणि खूश झाले.

"आयला! हिरो दिसतोय की!"

कौसाबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी वाकून बघितलं, आणि मान हलवली.

"ह्ये न्हाईत."

"काय नाही?"

"ह्यांच्या म्होरच्या दोन दातांत फट हुती. ती कुठं गेली?"

मी समजावलं. फट हा दोष असतो, लोक ती बुजवायला माझ्याकडं येतात. नसली तर दिसायला चांगलं, घास अडकत नाही.

"आगं, आता ह्या वयात फट कशाला?" रामभाऊ म्हणाले. "चांगलं दिसतंय की!"

"तुमी गप बसा. दिसायचं कोन बोलतंय?" मग माझ्याकडं वळून, "मॅडम, फट ठिवा."

"पण का, ते तरी सांगा."

कौसाबाईंनी पदर नीट केला. "आसंच," म्हणाल्या, आणि बाहेर वेटिंग रूममध्ये जाऊन बसल्या.

मी रामभाऊंकडं पाहिलं. ते आरशात बघत होते. तो खाली ठेवून म्हणाले, "ठिवा मॅडम. ती म्हनतीय तर ठिवा."

सुनीतानं दिवा पेटवला. मी सुरी तापवली, पुढच्या दोन दातांमागचं मेण मऊ केलं आणि दात हळूच बाजूला सरकवले. नख जाईल एवढी फट ठेवली. पुन्हा तोंडात बसवलं. "बघा."

रामभाऊंनी आरसा घेतला नाही. फटीवरून नुसती जीभ फिरवली. मग ओठ जरा मागं घेतले आणि फुंकर मारली. नुसती हवा. पुन्हा मारली. हवाच. मी म्हणणार होते, की मेण मऊ आहे, जोर लावू नका. तेवढ्यात त्यांनी तिसरी मारली आणि शीळ निघाली. एक लांब, एक आखूड.

बाहेर वेटिंग रूम भरलेली होती. टीव्ही चालू होता, एक लहान मूल रडत होतं. त्या सगळ्यातून कौसाबाईंचा आवाज आला.

"आले वो, आले!"