बी म्हणजे पण

स्टाफरूममध्ये किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. चहा येतो, कोणीतरी खुर्ची ओढतं आणि किस्सा आपोआप येऊन बसतो. आमचे हे गेल्यापासून मला घरी जायची घाई नसते, त्यामुळे माझ्या वाट्याला जरा जास्तच आले. पूर्वी संध्याकाळी ते यांना सांगायचे. आता तुम्हाला सांगते.

नांदेडचं आमचं कॉलेज. तो दिवस अगदी साधा होता. मी इंटर्नलचे पेपर तपासत बसले होते आणि ऑफिस सुपरिंटेंडेंट शिवाप्पा मोबाइल घेऊन आले.

"मॅडम, ही आपली पूजाच हाय का बघा बरं."

पूजाच होती. भोकरची, बीएस्सीची. केमिस्ट्रीच्या शेवटच्या प्रॅक्टिकलला ती आलीच नव्हती आणि तेवढ्यासाठी तिची डिग्री अडकली होती. का आली नाही, ते तिने आता इन्स्टाग्रामवर लिहिलं होतं. केमिस्ट्रीचे एक सर मार्कांची भीती घालून मुलींना एकेकटीला लॅबमध्ये बोलवायचे आणि आतून कडी लावायचे. पुढचं तिने थोडक्यात लिहिलं होतं, पण ते वाचून मी हातातला लाल पेन खाली ठेवला.

पोस्टखाली मुलींच्या कमेंट होत्या. "मी बी." "मी बी." "मॅडम, मी बी."

*

प्राचार्य पुण्याकडचे, नवीनच आलेले. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, बी डिव्हिजन तुमच्याकडे ना? सगळ्या तुमच्याच मुली दिसतायत!"

शिवाप्पांनी घसा साफ केला.

"साहेब, बी म्हणजे पण."

"पण काय?"

"पण काय न्हाई साहेब. पणच!"

"अहो, पण काय ते सांगा ना!"

"मी बी म्हणजे मी पण, साहेब. माझ्यासंगं बी झालंय, असं म्हणून राहिल्या पोरी."

प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पोस्ट पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतली. या वेळी कमेंटही एकेक करून वाचल्या. आम्ही दोघं उभेच होतो. त्यांनी बसा म्हटलं नाही, कारण त्यांना आम्ही दिसतच नव्हतो.

*

दुपारी मीटिंग झाली. एक जण म्हणाले, "आधी पोस्ट डिलीट करायला लावा. कॉलेजची बेइज्जती चाललीय." दुसऱ्यांनी तिच्या भावाचा नंबर शोधायला घेतला.

आमच्या कांबळे मॅडम फिजिक्स शिकवतात आणि तक्रार समितीच्या अध्यक्ष आहेत. त्या म्हणाल्या, "पोस्ट राहू द्या. अगोदर लॅबची आतली कडी काढा."

"मॅडम, अजून चौकशी व्हायचीय. सरांवर असा आरोप आत्ताच..."

"मी सरांना कुठं काय म्हटलं? कडीला म्हटलं!"

शिवाप्पा स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेले. केमिस्ट्रीची काढली. मग फिजिक्सची, बॉटनीची. शेवटी प्राचार्यांच्या केबिनपाशी येऊन उभे राहिले.

"साहेब, तुमची बी काढू का?"

प्राचार्य म्हणाले, "काढा."

*

आमच्या समितीचा बोर्ड होता, पण प्राचार्यांच्या केबिनमधल्या कपाटामागे. कांबळे मॅडमनी नवीन करायला दिला, मुली पाणी प्यायला येतात तिथे लावण्यासाठी. पेंटर रंगवून घेऊन आला. ठळक अक्षरांत: 'लैंगिक छळ समिती'.

"अहो दादा, निवारण कुठं गेलं?"

"मॅडम, बोर्ड लहान हाय. निवारणाला जागाच न्हाई उरली!"

कांबळे मॅडम हसल्या. त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसल्या असतील. मग म्हणाल्या, "असंच चाललंय आजवर. जा, मोठा बोर्ड आणा."

*

पोस्ट म्हणजे काही तक्रार नव्हे. चौकशीला लेखी कागद लागतो. पूजा फोन उचलत नव्हती. एके दिवशी तिची आईच कॉलेजात आली. आम्हाला वाटलं, मिटवा म्हणायला आली असणार.

पाणी पिऊन ती म्हणाली, "पोरीला बघायला पाव्हणे आले व्हते. म्या त्यास्नी मोबाइलवरचं ते दावलं."

"तुम्ही स्वतः?" कांबळे मॅडमनी विचारलं.

"हाव."

"मग?"

"मंग काय! चहा बी न पिता उठले."

तीच पुढे म्हणाली, "बरं झालं माय. लगनाआधीच कळलं." आणि पिशवीतून पूजाने सही केलेली तक्रार काढून टेबलावर ठेवली.

*

चौकशी रीतसर झाली. सरांचंही सगळं ऐकून घेतलं. सर आता कॉलेजात नाहीत.

पूजाच्या प्रॅक्टिकलसाठी प्राचार्य स्वतः विद्यापीठात जाऊन परवानगी घेऊन आले. लातूरहून परीक्षक म्हणून एक मॅडम आल्या. त्यांनी टेबल मांडलं, ब्युरेट भरून ठेवला.

परीक्षेच्या सकाळी मी पाहिलं, तर लॅबच्या जिन्यावर दोन्ही कडेला मुली बसलेल्या. सगळ्या वर्षांच्या. आर्ट्सच्यासुद्धा!

शिवाप्पा धावत आले. "अगं पोरींनो, परीक्षा हाय वर! कोणी बोलावलं तुम्हाला?"

"कोणीच न्हाई, अप्पा. ती एकटी येऊन राहिली ना, म्हणून."

पूजा आली. मधून वर चढत गेली. कोणी तिला हात लावला नाही. लॅबचं दार सताड उघडं होतं. शेवटच्या पायरीवर ती थांबली. बराच वेळ दाराकडे बघत राहिली. मग तिथेच, मुलींच्यात बसली.

"जा" असं कोणीही म्हटलं नाही. कांबळे मॅडमनीही नाही.

बऱ्याच वेळाने लातूरच्या मॅडम बाहेर आल्या. वय झालेल्या, गुडघे दुखणाऱ्या. त्यांनी जिन्याकडे पाहिलं, पूजाकडे पाहिलं. भिंतीला धरून हळूहळू खाली टेकल्या आणि तिच्या शेजारी पायरीवर बसल्या.

ते प्रॅक्टिकल त्या दिवशी झालं नाही. अजून व्हायचंय.