ओल्या निंबाचं दार

येडूच्या सात पिढ्या मेंढरांमागं उघड्यावर निजल्या. दार ही वस्तू त्या घराण्यात कुणी घडवली नव्हती, आणि तिच्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. सन तीसच्या सुमारास येडू मंद्रूप सोडून सोलापुरात गिरणीत लागला. राहायला खोली मिळाली. तिला चौकट होती. दाराच्या जागी गोणपाट होतं.

त्याची बायको बाळाबाई माहेरीच थांबली. तिनं एकच अट घातली.

"आतनं कडी लागंल असं दार करा, मग येते. जल्मभर कुत्र्याच्या भरवशावर निजले. आता पुरं झालं."

सुतार लावायची ऐपत नव्हती. मग येडू स्वतःच सुतारकी शिकायला बसला. बाजारातून त्यानं अर्धे दात शाबूत असलेली करवत आणली. लाकूड कोरायला लोहाराकडून मोडक्या कानशीची पटाशी करून घेतली. काटकोन बघायला गुण्या नव्हता, म्हणून कागद दोनदा दुमडून घेतला. रंधा मात्र शेजारच्या चनबसप्पाचा. हा माग दुरुस्त करणारा सुतार रविवारी तो उसना देई आणि वर शिकवणीही.

"म्हस रेटतोस काय, येडूबा? लाकडाच्या रेषा बघ की. त्या जातील तिकडं जा."

गिरणीत यंत्रं ज्या खोक्यांतून येत, त्यांच्या फळ्यांवर येडूनं हात बसवला. आधी एक खुंटी झाली, मग एक पाट. पाट डुगडुगायचा. संध्याकाळी येडू त्यावर बसून डुगडुगत राही. रंध्याखालची कुरळी सोलपटं हातात कोकराच्या लोकरीसारखी लागत. डोळा लागला की मेंढरं ओळीनं येत. प्रत्येक मेंढरू एक दार उघडून आत जाई आणि आपल्यामागं नीट लावून घेई.

दारासाठी त्यानं नुकत्याच कापलेल्या निंबाच्या फळ्या आणल्या.

"ओल्या हायत," चनबसप्पा म्हणाला. "वर्षभर वाळू दे. न्हायतर खोक्याच्या घे."

"वाळलेलं म्हंजे सरपण, अप्पा. आमी मेंढरांच्या वाड्याला कायम ओलंच लाकूड तोडतो."

चनबसप्पानं तंबाखू मळली आणि विषय सोडला.

दसऱ्याला दार बसलं. बाळाबाई मात्र चैत्रात आली, कारण मधे शेळी व्याली. तोवर उन्हानं फळ्या आक्रसल्या, मधे फटी पडल्या, आणि ती यायच्या आदल्या दिवशी येडूच्या ध्यानात आलं की कडी कोयंड्यापर्यंत पोचतच नाही. तो गुमान खोक्याची वाळकी पट्टी घेऊन आला. ती रंधली, दाराच्या कडेला ठोकली आणि कडी तिच्यावर घेतली. चनबसप्पा आपल्या ओट्यावरून बघत होता. ‘मी सांगितलं होतं’ एवढं म्हणाला नाही. हे त्याला चांगलंच जड गेलं असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळाबाईनं गाठोडं खाली ठेवून फटीत बोट घातलं.

"कुत्रं जाईल का?"

"न्हाय."

"माणसाचा हात?"

"न्हाय जायचा."

ती आत गेली. दार लागलं. कडी एकदा खडखडली, अडली, आणि बसली. येडू उंबऱ्याबाहेर टेकला. निंबाचा कडू वास येत होता. थोड्या वेळानं आतून घोरणं ऐकू आलं, कळप पाण्यावर पोचला की सगळं होतं तसं संथ.

दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला. फटीतून खुंटी दिसत होती. खुंटीला त्याच्या भाकरीचं फडकं होतं. येडूनं हाक मारली नाही. उपाशीच गिरणीकडं निघाला, आणि गल्लीच्या टोकापर्यंत मागं वळून दार बघत राहिला.