अमावास्येचं कोरं पान

परळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात फोन उचलायला लागून लतिकाला सव्वीस वर्षं झाली. पूर्वी वेळ बदलून हवी असली की माणूस सगळं घर सांगे: मेहुणा गावाहून आलाय, नळाला पाणी नाही, सुनेला कळा सुरू झाल्यात. मग समोर टॉवर उभे राहिले आणि फोन इंग्रजीत येऊ लागले. "समथिंग हॅज कम अप. कॅन वी मेक इट फ्रायडे?" काय कम अप झालं ते कुणी सांगत नसे, आणि ते विचारायचं नसतं हे लतिका हळूहळू शिकली. अशी वाक्यं तिने एका वहीत उतरवली, आरशासमोर म्हणून पाहिली. "वुड थर्सडे सूट यू?" तर इतकं तोंडात बसलं की भाजीवालीसमोरही ओठांवर येई.

तारखा ती पेन्सिलीने लिही. त्यात तिचंही नाव होतं. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. "अजून लांबवलंत तर ऑपरेशन अवघड होईल," डॉक्टर पद्मजांनी बजावलं होतं. पण दर वेळी कुणाला तरी नेमकी तीच तारीख हवी असे. तीनदा लतिकाने स्वतःचं नाव खोडलं. आता गुरुवार ठरला होता.

मंगळवारी कॉटन ग्रीनचे तात्या तणतणत आले. गेल्या वर्षीच त्यांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं इथे झाली होती, आणि लतिकाची टळत गेलेली तारीख त्यांना ठाऊक होती.

"काल कुलूप लावून कुठे हिंडायला गेला होतात सगळे?"

"डॉक्टर बाहेरगावी होत्या, तात्या. मी फोन केला होता की!"

"कुणाला?"

तिने तारखांची वही नाकाशी धरली. तात्यांच्या नंबरातल्या आठाचा तीन वाचला होता. पलीकडचा कोण जाणे कोण, "बरं बरं" म्हणाला होता.

"चुकलं माझं," ती म्हणाली. असं कधी झालं नव्हतं.

"माझं सोड. फेरी पडली, एवढंच. पण तुला आकडे दिसेनात, तर या खुर्चीवर किती दिवस बसशील?"

तेवढ्यात फोन वाजला. टॉवरमधल्या बाईंना आईचं ऑपरेशन प्रीपोन करून गुरुवारीच हवं होतं. तात्या रोखून बघत होते. लतिकाने एक पान मागे उलटलं. बुधवार अख्खा कोरा होता. अमावास्येला डोळ्याला हात लावून घ्यायला कुणी तयार नसे.

"शुअर. थर्सडे इज फाइन," म्हणून तिने फोन ठेवला.

"पुन्हा दिलीस स्वतःची तारीख? धन्य आहेस बाई!"

ती उठून डॉक्टरांच्या दाराशी गेली. "डॉक्टर, माझ्या डोळ्यासाठी वुड टुमारो सूट यू? तपासण्या तर झाल्याच आहेत."

आतून हसण्याचा आवाज आला. "कधीची वाट बघतेय, लतिकाताई. सकाळी नऊला या."

"अगं, उद्या अमावास्या!" तात्या कुजबुजले.

"म्हणूनच. ही तारीख कुणी मागायला येणार नाही."

"आणि फोन कोण उचलणार?"

लतिकाने वाक्यांची वही त्यांच्यापुढे सरकवली. तात्यांनी चष्मा चढवला, घसा साफ केला.

"समथिंग हॅज कम अप," त्यांनी अक्षरं जोडत वाचलं. "पण काय कम अप झालं तेही सांगणार मी. लतिकाचा डोळा म्हणून!"