आतोबांची हलकी मोटार

जगातली प्रत्येक वस्तू गरजेपेक्षा जड बनवलेली असते, असे मानणारा मुंबईत एकच माणूस होता, आणि तो माझ्या आत्याशी लग्न करून लालबागला राहत होता. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. परळच्या एका गिरणीत ते फिटर होते. छत्रीच्या दांड्याला, झाऱ्याच्या मुठीला, जेवायच्या पाटांना, स्वतःच्या कमरेच्या पट्ट्याला त्यांनी ड्रिलने भोके पाडली होती. "भोक पाडलं की वजन जातं, ताकद राहते," असे ते सांगत. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी आत्याच्या पोळपाटाकडे बराच वेळ रोखून पाहिले. तेव्हापासून ती तो उशाखाली घेऊन झोपते, असे चाळीत बोलले जाई. आत्याने ते कधी नाकारले नाही.

गिरणीतला एक विलायती साहेब कायमचा मायदेशी निघाला, तेव्हा त्याने स्वतःसाठी मागवलेला एक लाकडी खोका गोदामात तसाच पडून होता. तो त्याने आतोबांना देऊन टाकला. खोक्यात मोटार होती, म्हणजे मोटारीचे तुकडे होते: नळ्यांचा सांगाडा, ॲल्युमिनियमचे पत्रे, चार सडपातळ चाके, दोन सीटा आणि जुळणी कशी करायची ते सांगणारी एक पुस्तिका. इंजिन तेवढे आपले आपण जुन्या मोटारीतून काढून बसवायचे होते. आतोबांना इंग्रजी येत नव्हते, पण चित्रे वाचता येत होती. दीड वर्षात ती दोन माणसांची, बिनछपराची, गुडघ्याएवढी बुटकी मोटार उभी राहिली. जागा मिळाली ती मसाला कुटण्याच्या डंकामागच्या पडवीत. त्यामुळे मोटारीला पेट्रोलपेक्षा संकेश्वरी मिरचीचा वास अधिक येई, आणि तिचे कौतुक करायला आलेला माणूस पहिले वाक्य पुरे करण्याआधी शिंकत असे.

मोटार तयार झाली तेव्हा खरे काम सुरू झाले. आतोबांनी दारे काढली. काच काढून तिथे तळहाताएवढा तुकडा ठेवला. भोंगा काढला, "ओरडता मला येतं" हे त्याचे कारण. प्रत्येक नटबोल्ट वाण्याच्या तराजूत घालून पाहिला आणि कानशीने घासून पुन्हा घातला. पाहुण्याला मोटारीत बसायचेच असेल तर चपला, चष्म्याची डबी आणि खिशातली मोड खाली ठेवावी लागे. इंजिनाला मात्र ते काही कमी पडू देत नसत. एक दिवस त्याला दुसरा कार्बोरेटर बसला, आणि त्याचे वजन भरून काढण्यासाठी दुसऱ्याच रविवारी डावीकडची सीट गेली. त्या रविवारी आत्या हिरवी साडी नेसून, हिंदमाताला कापडाच्या दुकानांत जायचे म्हणून पडवीत येऊन उभी होती.

"मी बसू कुठं?" तिने विचारले.

"एवढ्यात नको गो. अजून अकरा रत्तल काढायचेत."

"कुणाचे?"

आतोबा तराजूकडे वळले. आत्या बसने गेली.

हा सगळा खटाटोप एका गोष्टीसाठी होता. लालबागपासून गिरगाव चौपाटीपर्यंत, एकदाच, पेडलवरचा पाय न उचलता जायचे. एवढी एकच इच्छा मी त्यांच्या तोंडून ऐकली. पण त्या रस्त्यावर ट्रामा होत्या, कापसाच्या गाठींचे खटारे होते, गिरण्यांची पाळी सुटली की हजारो माणसे होती. मोटार चौथ्या गिअरमध्ये कधी गेलीच नाही. एकदा तिची चाके ट्रामच्या रुळांतच अडकली आणि भायखळ्यापर्यंत आतोबा निमूटपणे ट्रामच्या मागे गेले. मागच्या फळीवर उभा असलेला कंडक्टर वाकून म्हणाला, "मागच्या डब्याचं तिकीट राहिलंय, काका."

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. मी त्या काळी गिरगावात राहून एका दैनिकात बातम्या लिहीत होतो, आणि कामानिमित्त लालबागला वारंवार जाणे होई. आतोबा चळवळीत मनापासून होते. चाळीतल्या समितीच्या चिटणिसांनी प्रचारासाठी मोटार मागितली, कर्णा बांधून फिरवू म्हणाले. आतोबा म्हणाले, "महाराष्ट्रासाठी मी तुरुंगात जातो. पण कर्णा हलका आणा." हलका कर्णा मिळाला नाही. आतोबा तुरुंगात गेले. तीन आठवड्यांनी भेटीला गेलेल्या आत्याला त्यांनी आधी बॅटरीची वायर काढून ठेवलीस का, ते विचारले. तिने जेवायला काय देतात म्हणून विचारले, तेव्हा म्हणाले, "भाकरी. जड असते."

आतोबा सुटून आले. शहरात गोळीबार झाला, त्या दिवसांत त्यांनी मोटारीचा विषय काढला नाही. पडवीला कुलूप होते आणि किल्ली आत्याकडे होती.

पुढे हरताळ होत राहिले आणि आतोबांची पंचाईत झाली. हरताळाच्या दिवशी लालबागचा रस्ता असा मोकळा पडे की भायखळ्यापर्यंत एक चाक दिसत नसे. त्यांना हवा होता तो हाच रस्ता. आणि त्या दिवशी वाहन काढायचे नाही, हे समितीने ठरवलेले. ठरावाला हात वर करणाऱ्यांत आतोबा पहिले. असा एक हरताळ मी पाहिला. गिरगावहून चालत लालबागला पोचलो तेव्हा ते चाळीच्या गॅलरीत कठड्याला टेकून रस्त्याकडे पाहत होते. चहा निवला होता.

"जा की," आत्या आतून म्हणाली. "कोण बघतंय?"

"मी बघतोय."

थोड्या वेळाने ते खाली उतरून चिटणिसांकडे गेले. मीही मागे गेलो.

"इंजिन बंद ठेवलं तर?" आतोबांनी विचारले.

"मग गाडी जाणार कशी?"

"ढकलीन."

चिटणिसांनी विचार केला. "म्हणजे हातगाडी झाली. हातगाडीवर माल न्यायला बंदी आहे. माल आहे का?"

"बायको आहे."

"मग हरकत नाही."

बायको घेण्याचे कारण सरळ होते. ढकलणाऱ्याला सुकाणू धरता येत नाही आणि मोटारीत सीट एकच उरली होती, चालकाची. आत्याने हिरवी साडी नेसायला वेळ घेतला. मग ती सुकाणूमागे बसली, "हिंदमाताला" म्हणाली, एक शिंक दिली, आणि आतोबांनी मागून हात लावला. मोटार इतकी हलकी झाली होती की त्या एकट्या माणसाच्या रेट्याने ती सुरळीत चालू लागली. मी बाजूने चालत होतो. दोन्हीकडच्या गॅलऱ्यांत माणसे गोळा झाली. कुणीतरी वरून विचारले, "वहिनी, पेट्रोल संपलं काय?" आत्या म्हणाली, "नाही, भाकरीवर चालते."

"उजवीकडं घे," आतोबा मागून सांगत. "जेवायच्या हाताकडं."

"कळतं मला. तुम्ही ढकला."

परळ गेले. हिंदमाताला आत्याने ब्रेक कुठला ते विचारून तो दाबला. दुकाने ओळीने बंद होती. ती उतरली नाही. एकेका फळीकडे, जणू मागे टांगलेल्या साड्या दिसताहेत अशी, सावकाश पाहत राहिली. "बंद दुकानं बघायला मोटारीतून आणणारा नवरा मिळाला," ती मला म्हणाली, पण परत फिरायची घाई तिने केली नाही. आतोबा मागच्या पत्र्यावर हात ठेवून उभे होते. पुढे दादरपर्यंत रस्ता रिकामा होता. त्यांचे ओठ हलत होते. चौथा गिअर कुठे टाकायचा, याचा ते हिशेब करीत असावेत.

मुंबईसह महाराष्ट्र झाला. आतोबांनी चाळीत पेढे वाटले. हरताळ थांबले आणि रस्ता पुन्हा रिकामा झाला नाही. मोटार पडवीतच राहिली. रविवारी सकाळी आतोबा तिच्यात बसत, इंजिन चालू करत आणि डोळे मिटून घेत. पाय पेडलवर, हात सुकाणूवर. एकदा मी शेजारी उभा राहिलो. मध्येच त्यांनी ब्रेक दाबला.

"काय झालं?"

"भायखळ्याला ट्राम आडवी आली."

"डोळे मिटलेत ना, मग ट्राम कशाला आणता?"

"रस्ता तो. ट्राम येणारच."

"मग हरताळाचा दिवस धरा, आतोबा. सगळा रस्ता मोकळा. सरळ चौपाटी गाठा."

त्यांनी डोळे उघडले. मी काही अभद्र बोललो असेन, तसे माझ्याकडे पाहिले.

"हरताळाच्या दिवशी," ते म्हणाले, "इंजिन चालू करू?"

आणि हात पुढे करून त्यांनी इंजिन बंद केले.