आईचा रॅम्प

आमच्या आईचे पाय गेले तेव्हा मला वाटलं, चला, निदान ग्रामसभेचा ताप तरी मिटला. बोलू नये, पण खरं ते खरं. आष्ट्याजवळच्या आमच्या गावात ग्रामसभा म्हटली की आई पुढच्या रांगेत, आणि तिचा दरवेळी एकच प्रश्न: आमच्या गल्लीतल्या खांबावर दिवा कवा लागणार? सरपंच बदलत गेले, उत्तर तेच राहिलं. पुढच्या महिन्यात. मी कुपवाडला कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जाते. तिथल्या बायकासुद्धा चहाला बसलं की विचारायच्या, लागला का गं दिवा तुमचा? मी मेल्याहून मेल्यासारखी व्हायचे. आईला मात्र त्याचं सोयरसुतक नव्हतं.

मग तिला अर्धांगाचा झटका आला. हात सावरले, तोंड सावरलं, तोंड तर जरा जास्तच. पाय काही सावरले नाहीत. चाकाची खुर्ची आली आणि थोड्याच दिवसांत आई ती अंगणात अशी दामटायला लागली की कोंबड्या तिला बघून चुलीमागं पळायच्या.

पण ग्रामपंचायतीचं ऑफिस पडलं उंच जोत्यावर. झटक्यानंतरच्या पहिल्या ग्रामसभेला मी तिला पायऱ्यांपर्यंत नेली. आमचे सरपंच तसे गोड बोलणारे, आईला काकी म्हणतात. त्यांनी लगेच चार गडी बोलावले, काकीला खुर्चीसकट वर घ्या म्हणाले. चौघांनी चार कोपरे धरले. आईनं चौघांकडं आळीपाळीनं बघितलं.

"मला चौघांनी उचलायचं ते एकदाच," ती म्हणाली. "तवा मी काय बोलणार न्हाई. आज ठेवा खाली."

गड्यांनी चटका बसल्यासारखे हात काढले. आम्ही तसंच घरी आलो. त्या दिवशी ती जेवली नाही. दिव्याचं तिला एवढं काही नव्हतं. जिथं इतकी वर्षं आपल्या पायांनी जाऊन बसली, तिथं दुसऱ्याच्या हातावर जायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं. आणि गेल्याशिवाय राहवतही नव्हतं. तिची ती घालमेल बघून माझा जीव तुटायचा, आणि जीव तुटला की मी भांडी आपटते. घरात भांडं धड राहिलं नाही.

आता ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चावे लागतात. मार्च आला की आमच्याकडं सगळ्यांना हे एकदम आठवतं. मागच्या खेपेला सरसकट कुकर वाटले होते. दिसत नाही त्याला कुकर, चालता येत नाही त्याला कुकर, आणि आमच्या गल्लीतल्या ठार बहिऱ्या मामांनाही कुकर. आता त्या मामांना शिट्टी कोण ऐकवणार? पण टाळ्या झाल्या, फोटो निघाले. यंदा मिक्सर ठरले होते. सही घ्यायला ग्रामसेवक घरी आले, तेव्हा आईनं सांगून टाकलं की मिक्सर नगं, ऑफिसला रॅम्प बांधा, समद्यांच्या कामाला येईल.

सरपंचांचं कौतुक करायचं तर इथं करायला पाहिजे. त्यांनी ऐकलं. रॅम्प सुरू झाला आणि आई रोज खुर्ची घेऊन तिथं हजर. उतार जास्त झाला, कठडा कुठं आहे, पाणी मारलं का. ह्यांच्यापरीस माझी सासू बरी, असं गवंडी माझ्याजवळ म्हणाला. मी त्याला चहा पाजला, दुसरं काय करणार? पण खरंच सांगते, रॅम्प झाला झकास.

उद्घाटनाला तालुक्याचे पाहुणे बोलावले. फीत, नारळ, हार, शाल. लगेच वर ग्रामसभाही ठेवलेली. आई इरकल नेसून तयार. पाहुण्यांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, आईनं चाकं फिरवली आणि खुर्ची रॅम्पच्या तोंडाशीच खटकन अडली.

समोर कोनशिला. आदल्या दिवशी संध्याकाळी घाईघाईनं बांधलेला कमरेएवढा कट्टा, त्यावर काळा दगड आणि सोनेरी अक्षरांत पाहुण्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांची नावं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी लावा, असं गवंड्याला सांगितलेलं. त्यानं तिथंच लावली, त्याचं काय चुकलं? दगडाचं माप घेतलेलं, खुर्चीचं कुणीच घेतलं नव्हतं.

सरपंचांना घाम फुटला. ते वाकून हळूच म्हणाले, काकी, एवढ्यापुरतं बाजूनं उचलून रॅम्पवर घेतो, वीतभर.

"वीतभर उचललं तरी उचललंच की रं," आई म्हणाली.

दगड काढावा, तर त्यावर नाव असलेले पाहुणे हार घालून शेजारीच उभे. कोण काढतंय? शेवटी नारळाचा प्रसाद वाटला, पाहुणे गाडीत बसून गेले आणि मंडळी पायऱ्या चढून सभेला गेली. आईनं कोनशिलेशेजारी खुर्चीचा ब्रेक लावला. माझं डोकं असं फिरलं होतं की वर जाऊन एकेकाची खरडपट्टी काढणार होते. आईनं माझा पदर धरून मला खाली बसवलं.

तेवढ्यात शेजारच्या आत्या आल्या, ग्रामसभेत आयुष्यभर आईला चिकटून बसलेल्या. गुडघे दुखत्यात बाई, म्हणत त्यांनी आईजवळ फतकल मारली. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा ठणठणीत. मग त्यांच्या सुनेचेही दुखायला लागले. मग सगळ्या बचत गटाचे. वर गेलेल्या बायकाही खाली उतरल्या. बहिरे मामा काय चाललंय ते न कळता येऊन बसले आणि कुकरची चौकशी करायला लागले.

वर सभेला माणसं भरेनात. ठरलेली संख्या झाल्याशिवाय सभा चालत नाही, आणि सभेवर देखरेखीला तालुक्यावरून आलेले अधिकारी साहेब काही पुन्हा यायला तयार नव्हते. बराच वेळ वर कुजबूज चालली. मग सरपंच आपली खुर्ची आपल्याच हातानं घेऊन खाली आले. मागून टेबल आलं, माइक आला, साहेब आले. अख्खी ग्रामसभा कोनशिलेसमोर अंगणात बसली आणि पहिला ठराव झाला, की दगड हलवायचा. पाहुण्यांना काय सांगायचं, तेही सरपंचांनीच शोधून काढलं: भिंतीवर लावतो साहेब, लांबनं दिसंल.

पुढच्या ग्रामसभेला आई रॅम्पवरून वर गेली. मागं दोन पोरं काळजीनं उभी राहिली, त्यांना तिनं हाकलून दिलं. मी खाली, जीव मुठीत धरून. अर्ध्यावर ती थांबली, दम घेतला, परत चाकं फिरवली आणि वर पोचली. मी तिथंच ढसाढसा रडले, कोण बघतंय याचं भान राहिलं नाही. आत जाऊन तिनं दिव्याचं विचारलं. पुढच्या महिन्यात, असं उत्तर मिळालं आणि सगळी सभा खदखदून हसली. आईसुद्धा.

सभा संपली तेव्हा दिवेलागण झाली होती. माणसं पांगली. आई रॅम्पच्या वरच्या टोकाशी आली आणि थबकली. चढताना साधा वाटलेला उतार वरून भलताच खोल दिसत होता. मी तिच्या मागंच उभी राहिले. मदत करू का विचारलं की ती फटकारते, हे मला पाठ. तिनं आजूबाजूला कुणी नाही ना ते बघून घेतलं.

"मागनं धर गं," ती हळूच म्हणाली. "उचलू नगं. नुसतं धर."

मी दोन्ही हातांनी धरलं आणि आम्ही सावकाश खाली उतरलो.